वरच्या सुकाणूवर दुसरा डिस्प्ले

आमच्या बोटीला सुकाणू दोन. एक खाली केबिनमध्ये, काचेच्या आड. दुसरं वर फ्लायब्रिजवर, उघड्यावर. तिघा मित्रांनी भागीत ही जुनी ३६ फुटी बोट घेतली तेव्हा खालच्या सुकाणूसमोर १२ इंची चार्टप्लॉटर होता, म्हणजे समुद्राच्या नकाशावर बोट कुठे आहे ते दाखवणारा पडदा, आणि तो झकास चालत होता. वर होतं एक होकायंत्र, इंजिनांचे काटे आणि केव्हाच बंद पडलेल्या फिश फाइंडरचा डबा. बोट सुटली की तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, शिडी चढून वर जाऊन बसायचा आणि एवढा महागाचा प्लॉटर खाली रिकाम्या खुर्चीला नकाशा दाखवत राहायचा.

तांडेलाचं चुकत नव्हतं. गेटवे ते मांडवा सरळ रेघ ओढली तर सातआठ सागरी मैल भरतात, पण त्या रेघेवर आडवं काय काय येतं ते चालवणाऱ्यालाच ठाऊक. आधी मोठ्या जहाजांचा चॅनल ओलांडायचा. चॅनल सोडून कुठे जाऊच शकत नाही अशा जहाजाच्या वाटेत २० मीटरहून लहान बोटीने यायचं नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम. आणि नियम नसता तरी कंटेनरांच्या त्या धुडासमोर कोण उभं राहणार? शिवाय धरमतरच्या खाडीकडे निघालेले बार्ज, प्रवासी लाँच, रो-रो, आणि या सगळ्यांच्या मधोमध जाळी. जाळ्यांचे खुंट, बोये म्हणून बांधलेले प्लास्टिकचे कॅन, पावसाळ्यानंतर खाड्यांतून वाहून आलेले अर्धे बुडालेले ओंडके. यातलं काहीही नकाशावर नसतं. ते वरून दिसतं. खालून काचेवर वाळलेलं मीठ दिसतं.

उथळ कुठे सुरू होतं आणि खाली पाणी किती शिल्लक आहे, हे मात्र फक्त खालच्या पडद्यावर. मांडव्याच्या जेटीपाशी गाळ साचतो. मोठ्या उधाणाला मुंबई बंदरात भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या पुढे जातो, त्यामुळे सकाळी जिथून निर्धास्त गेलो तिथूनच दुपारी पाण्याचा अंदाज घेत घेत यावं लागतं. मग आमचा संवाद सुरू व्हायचा. "साहेब, पाणी किती?" तांडेल वरून ओरडणार, मी खालून आकडा ओरडणार. दोन डिझेल इंजिनांच्या आवाजात 'सहा' आणि 'दहा' सारखेच ऐकू येतात. एवढं सांगितलं की पुढचं सांगायला नको.

मधल्या काळात मोबाइलचा उपाय करून पाहिला होता. ॲपमध्ये नकाशा उत्तम, पण मोबाइल क्लॅम्पमध्ये अडकवून एप्रिलच्या उन्हात ठेवला की थोड्याच वेळात 'तापमान जास्त' म्हणून पडदा काळा. आणि नेमकं पाण्याची खोली त्याला कळत नाही. ती ट्रान्सड्यूसरला, बोटीच्या बुडाशी खोली मोजणाऱ्या यंत्राला, कळते, आणि ट्रान्सड्यूसरची वायर खालच्या प्लॉटरला.

वर डिस्प्ले हवा यावर भागीदारांत एकमत झालं. कसला हवा यावर झालं नाही. एकाचं म्हणणं, खालचंच चित्र वर न्या: प्लॉटरला व्हिडिओची वायर लावायची आणि वर नुसता पडदा बसवायचा. स्वस्त पडतं आणि सेटिंगची भानगड नाही. मला ते पहिल्यापासून पटलं नाही. खालचा प्लॉटर बंद पडला की वरचा पडदाही आंधळा होणार, म्हणजे दोन डिस्प्ले असूनही यंत्र एकच. शिवाय खाली कुणी नकाशा लहान-मोठा करत बसलं तर वर तांडेलाच्या समोरही तेच होणार. दुसऱ्या भागीदाराचा टॅबलेटचा आग्रह होता. उन्हात टॅबलेट म्हणजे काळा आरसा, त्यात स्वतःचं तोंड दिसतं. शेवटी स्वतंत्र प्लॉटर ठरला: स्वतःचा जीपीएस, स्वतःचा नकाशा, स्वतःची वीज, आणि खोली, दिशा, एआयएस (आसपासची जहाजं रेडिओवरून आपलं नाव, जागा, वेग कळवतात ते) ही माहिती मात्र दोघांनी वाटून घ्यायची. खालचा मेला तरी वरच्याने घरी आणलं पाहिजे, हा निकष.

खरेदीत दोन गोष्टींवर अडून बसलो. पहिली, जुळणी. एकाच कंपनीचे असले तरी वेगवेगळ्या पिढ्यांचे प्लॉटर एकमेकांशी सगळं बोलतातच असं नाही. एनएमईए २००० हे सगळ्या कंपन्यांना सामाईक जाळं आहे. त्यावरून खोली, दिशा, वारा, एआयएस वगैरे आकडे कुठल्याही कंपनीच्या यंत्राला मिळतात. पण सोनारचं पूर्ण चित्र, रडार, एकाच कार्डावरचा नकाशा दोन्हीकडे दिसणं, मार्ग एकीकडे आखला की दुसरीकडे उमटणं, हे प्रत्येक कंपनी आपापल्या इथरनेटवरून करते आणि त्यात पिढीचा फरक आड येतो. दुकानदाराचं 'सगळं जुळतं साहेब' हे उत्तर मी ऐकून घेतलं आणि कंपनीची जुळणीची यादी काढून दोन्ही मॉडेलांची नावं आणि लागणारी सॉफ्टवेअरची आवृत्ती त्याच्यासमोर तपासली. जुळत होतं, पण दोन्हीकडे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर.

दुसरी गोष्ट, ऊन. पडदा किती उजळ याचा आकडा माहितीपत्रकात असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे सुंदर दिसतात. यंत्र चालू करून दारापर्यंत आणायला लावलं, तांडेलाचा गॉगल घालून सरळ पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. पोलराइज्ड गॉगलमधून काही पडदे एका विशिष्ट कोनात काळेठिक्कर पडतात, आणि समुद्रावरचा माणूस तसलाच गॉगल घालतो. एक मॉडेल तिथेच बाद झालं. १२ इंची घ्यावासा वाटत होता, पण ९ इंचीवर थांबलो. त्याचं कारण होकायंत्र.

वरचं होकायंत्र बरोबर सुकाणूच्या समोर आहे आणि प्लॉटर बसणार त्याच्या शेजारी. प्रत्येक डिस्प्लेच्या पुस्तकात होकायंत्रापासून किती अंतरावर ठेवायचा याचा आकडा दिलेला असतो. बहुतेक लोक ते पान उलटून पुढे जातात. आम्ही पडदा विकत घेतल्यावर, कुठेही भोक पाडण्याआधी, बोट स्थिर असताना तो चालू करून हातात धरला आणि हळूहळू होकायंत्राजवळ नेला. एका अंतरानंतर तबकडी हलायला लागली. तिथे पेन्सिलने खूण केली, त्याच्या बाहेर पडदा ठेवून पुन्हा पाहिलं. १२ इंचीची चौकट त्या खुणेच्या आत घुसली असती. जीपीएस आल्यावर होकायंत्राला कोण विचारतो, असं म्हणणाऱ्यांना खुशाल म्हणू दे. सगळी बॅटरी बसली की होकायंत्रच विचारपूस करतं.

काम पावसाळ्यात काढलं. बोट वर घेतलेली, ताडपत्रीखाली, आणि कोळीवाड्यातही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे तांडेल मोकळा. विजेचं काम करणारा एक जाणता माणूस मिळाला, ट्रॉलरवर वायरलेस आणि जीपीएस बसवण्यात आयुष्य गेलेला. त्याच्या हाताला सफाई होती, फक्त एनएमईए २००० हा प्रकार त्याला 'संगणकवाल्यांचा' वाटायचा. म्हणून जाळ्याचं गणित मी केलं, वायर त्याने ओढल्या.

हे जाळं समजायला अवघड नाही. एक मुख्य वायर असते, तिला कणा म्हणू. कण्यावर जागोजागी टीच्या आकाराचे जोड, आणि प्रत्येक जोडातून एक फांदी यंत्राकडे. कण्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा रोध. फांदी ६ मीटरहून लांब चालत नाही. आमची अडचण इथे होती. खालच्या डॅशबोर्डमागून वरच्या सुकाणूपर्यंत वायर ज्या वाटेने जाते ती मोजली तर ८ मीटरच्या वर भरली. म्हणजे खालून एक लांब फांदी काढून वर नेणं बाद. कणाच वर न्यायला हवा: खालच्या टोकाचा टर्मिनेटर काढायचा, तिथून कण्याची वायर वर न्यायची, वर टी जोडायचा, टर्मिनेटर त्याच्या पलीकडे लावायचा आणि टीमधून हातभर फांदी डिस्प्लेला.

कामाला हात घालण्याआधी असलेलं जाळं मोजून घेतलं. ही तपासणी अगदी सोपी आणि कुणीही करावी अशी. जाळ्याची वीज बंद करायची, एक मोकळा जोड उघडायचा आणि मल्टिमीटरने पांढऱ्या आणि निळ्या तारेच्या पिनांमधला रोध पाहायचा. दोन टर्मिनेटर समांतर, म्हणून आकडा ६० ओहमच्या आसपास यायला हवा. १२० आला तर एक टर्मिनेटर गायब. आमचा आला ४०.

"मीटर गंडलाय," इलेक्ट्रिशियन म्हणाला. दुसरा मीटर आणला. तोही ४०. दोन १२० मिळून ६०, तीन १२० मिळून ४०. म्हणजे कुठेतरी तिसरा टर्मिनेटर बसलेला होता. सगळ्या वायर हाताने चाचपत गेलो. डॅशबोर्डमागे पार कोपऱ्यात, जुन्या इंजिन-गेजच्या गठ्ठ्यामागे कण्याच्या मध्येच एक टी सापडला. त्यावर पूर्वी काहीतरी लावलेलं असणार. ते काढल्यावर कुणीतरी मोकळं तोंड बंद करायला टोपण म्हणून चक्क टर्मिनेटर बसवला होता. दिसायला टोपणासारखाच दिसतो बिचारा. तो काढला, साधं टोपण लावलं, मीटरवर ६०. जाळं लहान होतं तोवर हे असं चालून गेलं होतं. त्यात आठ मीटर कणा आणखी जोडल्यावर अधूनमधून खोली गायब होणं, दिशा गोठणं असे भुताटकीचे प्रकार सुरू झाले असते आणि आम्ही नव्या डिस्प्लेला शिव्या घातल्या असत्या.

वायर वर न्यायची वाट पुढच्या काचेच्या शेजारच्या खांबातून. त्यात जुन्या वायरींची एक नळी आहे, आधीच गच्च भरलेली. वायर ओढायची स्प्रिंग घातली तर मध्यावर अडकायची. तांडेलाने वरून एक मेलेली वायर धरून खेचली, ती सुटून आली, पाठोपाठ दुसरी. फिश फाइंडरची, जुन्या सर्चलाइटची, आणि एक कशाची ते कुणालाच कळलं नाही. मेलेल्या वायरी काढल्यावर नळीत जागाच जागा. तरी प्लगचं डोकं वायरपेक्षा जाड असतं, दोन प्लग एकदम शिरत नाहीत. म्हणून आधी इथरनेटची, मग कण्याची, मग विजेची, अशी एकामागून एक, प्रत्येक प्लग टेपने गुंडाळून. शेवटच्या वायरीबरोबर एक नायलॉनची दोरीही ओढून घेतली आणि दोन्ही टोकांना बांधून ठेवली. पुढच्या वेळी स्प्रिंग नको.

विजेचं सांगतो, कारण तिथे सगळ्यात जास्त हलगर्जी पाहिली आहे. वरच्या सुकाणूवर आधीपासून १२ व्होल्टची एक वायर होती, तिच्यावर भोंगा आणि दोन दिवे. इलेक्ट्रिशियनचा सल्ला, तिथूनच घ्या. मी भोंगा दाबून मीटर लावायला सांगितला. व्होल्टेज साडेदहाच्या खाली. भोंगा घशात गिळल्यासारखा का वाजतो तेही तेव्हा समजलं. प्लॉटरला ती वायर नको. स्वतंत्र जोडी ओढायची ठरली, आणि तीही इंजिन चालू करायच्या बॅटरीवरून नाही. स्टार्टर फिरताना तिचं व्होल्टेज इतकं पडतं की प्लॉटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणून दिवे-पंख्यांच्या बॅटरीवरून.

जाडी किती? बॅटरीपासून वरपर्यंत ११ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २२. डिस्प्ले पूर्ण उजेडात २ अँपिअरच्या आसपास घेतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर वाटेत अर्धा व्होल्ट जातो, म्हणजे चार टक्के. अडीचची घेतली तर ०.३ व्होल्ट, अडीच टक्के. अशा यंत्रांना तीन टक्क्यांच्या आत ठेवावं असा संकेत आहे, म्हणून अडीच. लोहार चाळीत अडीचची वायर ढिगाने मिळते, पण ती घरातली. बोटीला आतली प्रत्येक तार कल्हई केलेली लागते. साध्या तांब्यात खारी हवा टोकापासून आत शिरते आणि दोन मोसमांत तार हिरवी-काळी होऊन हातात भुगा येतो. कल्हईची वायर महाग पडली. ओरडत ओरडत घेतली.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण फ्यूज वायरीला जपण्यासाठी असतो. डिस्प्लेच्या शेजारी लावला तर मधल्या अकरा मीटरांत कुठे घासून शॉर्ट झालं तर त्याला पत्ताही लागत नाही. जोड डाग देऊन नाही केले, दाबून केले, आतून गोंद असलेल्या आकसणाऱ्या नळीसकट. डाग दिलेली तार डागाच्या कडेला ताठ होते आणि बोटीच्या थरथरीने तिथेच मोडते. इलेक्ट्रिशियनला हे रुचलं नाही, त्याची हयात सोल्डरिंगवर गेलेली. "तुमची बोट, तुमचं चालू द्या," म्हणाला आणि दाबायची पक्कड माझ्या हातात दिली. होकायंत्राजवळून जाणारी विजेची जोडी एकमेकींवर पीळ देऊन नेली. दोन्ही तारांची चुंबकीय ओढ अशाने एकमेकींना मारते.

आता कापाकापी. मेलेल्या फिश फाइंडरचा डबा काढला आणि त्याच्या स्क्रूंच्या भोकांतून तपकिरी पाणी आलं. वरचा डॅशबोर्ड फायबरचा असला तरी भरीव नाही; दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्साचं हलकं लाकूड. फिश फाइंडर बसवताना कुणी भोकांच्या कडा बंद केल्या नव्हत्या. वर्षानुवर्षं पाणी मुरत राहिलं होतं. स्क्रूड्रायव्हर घातला तर लाकूड नाहीच, चहा गाळून उरलेल्या चोथ्यासारखा काळा लगदा. टिचक्या मारत गेलो: जिथे ठणठणीत आवाज तिथे लाकूड कोरडं, जिथे बद्द तिथे सडलेलं. सुदैवाने सडलेला भाग नव्या डिस्प्लेच्या चौकटीहून थोडासाच मोठा निघाला, म्हणजे बराचसा आपोआप कापून जाणार होता.

मुंबईच्या जुलैत काहीही वाळत नाही. बाल्सा वाळवण्याच्या नादाला लागलोच नाही. डिस्प्लेचा कागदी साचा आधी प्रत्यक्ष डिस्प्लेवर ठेवून मापं ताडून पाहिली, कारण छापताना साचा लहान-मोठा झालेला असू शकतो. मग डॅशबोर्डला मास्किंग टेप लावली, त्यावर साचा, चार कोपऱ्यांना गोल भोकं. ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवलं की वरचा जेलकोट टवके न उडता कापला जातो. मधल्या सरळ रेघा बारीक दातांच्या जिगसॉने, रेघेच्या आतून, उरलेलं कानशीने. कापून झाल्यावर चौकटीच्या चारी बाजूंनी दोन थरांमधला सडका लगदा वाकड्या खिळ्याने खरवडून काढला, कोरड्या लाकडापर्यंत. ताडपत्रीखाली दिवा लावून ती जागा उबदार ठेवली आणि मग भुकटी घालून घट्ट केलेलं इपॉक्सी त्या खाचेत ठासून भरलं. वाळल्यावर कडा दगडासारखी. स्क्रू आता लाकडात नाहीत, इपॉक्सीत बसतात.

बसवताना सिलिकॉन लावू दिलं नाही. इलेक्ट्रिशियन नळी घेऊन तयार होता, पण डिस्प्लेबरोबर फोमची पट्टी येते तीच पुरते. सिलिकॉनने चिकटवलेला डिस्प्ले पुढे काढायचा म्हणजे डॅशबोर्ड फोडायचा, आणि सिलिकॉन लागलेल्या फायबरवर मग रंगही धरत नाही. मागच्या वायरींना प्लगच्या खाली झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न शिरता झोळातून टपकतं.

सगळं जोडून पुन्हा मीटर लावला: ६०. मग दोन्ही यंत्रांचं सॉफ्टवेअर कार्डावरून अद्ययावत केलं, किनाऱ्यावरचा चार्जर जोडून ठेवून, कारण मध्येच वीज गेली तर यंत्र कायमचं बंद पडून त्याची वीट होते. सुरू केल्यावर दोघांनी एकमेकांना ओळखलं. खालच्या कार्डावरचा नकाशा वर दिसला. टाळ्या वगैरे झाल्या.

खरं काम त्याच्या पुढे होतं. जाळ्यावर आता जीपीएस दोन होते आणि डिस्प्ले 'आपोआप' निवडत होते. त्यामुळे बोट नकाशावर मधूनच काही मीटर कडेला उडी मारायची. वरचा मुख्य आणि खालचा राखीव असं पक्कं करून टाकलं. वरच्याला आभाळ मोकळं आहे.

मग पाणी. बोट उतरवल्यावर जेटीला बांधलेली असताना खालचा प्लॉटर म्हणाला २.४, वरचा म्हणाला ३.१. तांडेल दोन्ही पडद्यांकडे पाहून माझ्याकडे पाहत राहिला. दोघंही खरंच बोलत होते. खालच्यात कुणीतरी पूर्वी फरक घालून ठेवला होता, त्यामुळे तो बोटीच्या पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) खाली किती पाणी उरलं ते दाखवायचा. वरचा कोरा, तो ट्रान्सड्यूसरपासून मोजायचा, आणि ट्रान्सड्यूसर पंख्यांच्या टोकाहून ०.७ मीटर वर आहे. दोरीला शिसं बांधून मोजलं: पाण्याच्या पृष्ठभागापासून साडेतीन मीटर. बोट पाण्यात १.१ मीटर बसते, उरले २.४. वरच्यातही तोच फरक घातला, आकडे जुळले.

तांडेल तरी खूश नव्हता. "मीटर कशाला? वाव लावा." ट्रॉलरवर त्याचं आयुष्य वावांत गेलंय, आणि प्लॉटरमध्ये ती सोय असते, सहा फुटांचा वाव निवडला की झालं. मला अडचण होती ती भरतीच्या कोष्टकाची. त्यातले आकडे मीटरमध्ये, नकाशावरची खोलीही मीटरमध्ये. नकाशावरच्या आकड्यात भरतीचं पाणी मिळवायचं तर तिसरा आकडा वावात असून कसं चालेल? बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी मीटर राहिले, पण उथळ पाण्याचा अलार्म मी लावला होता दीडला, तो त्याने एक वावावर नेला, म्हणजे १.८. ते मलाही बरं वाटलं.

उजेडाचंही असंच. दोन्ही पडद्यांचा उजेड एकत्र कमी-जास्त करायची सोय कंपनीने मोठ्या कौतुकाने दिली आहे. ती पहिल्यांदा बंद केली. दुपारी वर पूर्ण उजेड लागतो, खाली केबिनमध्ये तेवढ्याने डोळे दिपतात. रात्री उलट: वरचा पडदा अगदी मंद, काळ्या-लाल रंगात, नाहीतर त्याच्या उजेडाने समोरचा अंधार आणखी गडद होतो आणि जाळ्यावरचा मिणमिणता दिवा दिसायच्या आत पंख्यात जाळं. एआयएसवर मोठी जहाजं नाव-वेगासह दिसतात. लहान होड्या दिसतीलच याची खात्री नाही.

मोसम सुरू झाल्यावर एक बदल लगेच जाणवला. तांडेल पडद्याकडे फार कमी पाहतो. मला धास्ती होती की नवं खेळणं मिळाल्यावर तो त्यातच डोकं घालून बसेल. तो चॅनल ओलांडायच्या आधी एकदा पाहतो, खांदेरीकडे गेलो तर थळच्या खडकांपाशी दोनदा, मांडव्याला शिरताना फक्त खोलीचा मोठा आकडा. बाकी वेळ नजर पाण्यावर. त्याच्या सांगण्यावरून तो आकडा पडद्याच्या अर्ध्या भागात केला आहे, उभ्याने दुरूनही वाचता येईल इतका. मी आता खाली बसून ओरडत नाही, चहा करतो.

पडद्याचं पांढरं झाकण वेगात एकदा उडून समुद्रात गेलं. नवीन आणलं त्याला दोरी बांधली आहे.

एका भागीदाराला आता इंजिनरूममधल्या कॅमेऱ्याचं चित्र वरच्या पडद्यावर हवं आहे. जोडायला तोंड मोकळं आहे, नळीत दोरीही आहे, तेव्हा नाही म्हणायला कारण उरलेलं नाही. तांडेलाला विचारलं, तर म्हणाला, "ते नंतर बघू साहेब. आधी त्या भोंग्याची वायर बदला."